तेक्लाच्या बाहीवरचा ठिपका

नेस्तोर दानिलोविच कोझुब यांची वर्गातली एक करामत साऱ्या चित्रशाळेला ठाऊक होती. ती बघायला दुसऱ्या वर्गांची पोरंसुद्धा दारात गर्दी करायची.

टेबलावर एखादा पांढरा चिनी मातीचा जग मांडलेला असे. मास्तर पॅलेटवर पांढरा रंग घेत, त्यात चिमूटभर निळा, नखभर तपकिरी, कधी हिरव्याचा नुसता वास लागेल इतकासा अंश. सुरीनं तो घोटून घेत. मग ब्रशच्या टोकावर घेऊन सरळ जगापाशी जात आणि जगाच्याच पोटावर, जिथं सावली पडलेली असे तिथं, एक ठिपका ठेवून मागं सरत.

“शोधा,” ते म्हणत.

पोरं डोळे बारीक करून बघत, माना वाकड्या करून बघत. ठिपका सापडत नसे.

“नाही ना दिसत? मग रंग खरा. दिसला असता तर मी खोटारडा.” एवढं बोलून टर्पेंटाइनच्या फडक्यानं ठिपका पुसून टाकत आणि पुढच्या ईझलकडे वळत.

पांढऱ्या रंगाचं हे वेड त्यांना लहानपणीच लागलं होतं. पोल्ताव्हाकडच्या एका खेड्यात त्यांचा जन्म. बाप दानिलो युद्धावर गेला तो परत आला नाही. आई ओरिना बीटच्या शेतात राबायची. सामुदायिक शेतीच्या कचेरीला सणासमारंभासाठी लाल कापडावर घोषणा लिहून हव्या असत, आणि गावात सरळ अक्षर काढणारा हा एकच पोरगा. पांढरा रंग मिळत नसे म्हणून दात घासायची पावडर खळीत कालवून तो लिहायचा. बायका हसायच्या, “नेस्तोर, अध्यक्षांच्या तोंडासाठी ठेव रे थोडी! त्यांच्या घोषणेपेक्षा त्याची गरज जास्त आहे.”

त्या अक्षरांनीच त्याला शहरातल्या चित्रशाळेत नेलं आणि तिथून कीव्हच्या मोठ्या कला महाविद्यालयात. पदवीचं चित्र पहिल्यांदा प्रदर्शनात लागणार होतं त्याच आठवड्यात तार आली, आई गेली. नेस्तोरनं विचार केला, उद्घाटन होऊ दे, मग निघतो. पाहुणे आले, कुणी पाठ थोपटली, कुणी पेला पुढं केला. तो गावी पोचला तेव्हा कबरीवरची माती सुकायला लागली होती. शेजारणींनी त्याला जेवायला वाढलं, बोलल्या काहीच नाहीत. आईच्या पेटीच्या तळाशी निळ्या रुमालात बांधलेलं एक गाठोडं असायचं. लहानपणी त्याला हात लावला म्हणून तिनं त्याच्या बोटांवर चापट मारली होती. आमच्याकडच्या प्रत्येक बाईचं असं गाठोडं असतं, शेवटच्या दिवशी अंगावर घालायच्या कपड्यांचं. त्या गाठोड्यात काय होतं, तिला काय नेसवलं, हे त्यानं शेजारणींना विचारलं नाही. विचारायचं तोंड नव्हतं. पुढं वर्षं गेली आणि न विचारण्याचीच सवय झाली.

चित्रशाळेत शिक्षक म्हणून लागल्यावर मात्र बोलण्यात ते कुणाला हार जात नसत. “जे पाहिलं नाही ते रंगवायचं नाही!” हे त्यांचं पालुपद. फोटोवरून चित्र काढताना कुणी सापडलं तर तो फोटो त्याच्याच कॅनव्हासवर उलटा चिकटवत. पोरांच्या हातातून ब्रश हिसकावून घ्यायचा आणि त्यांच्या चित्रावर स्वतःच दोन फटकारे मारायचे ही त्यांची खोड होती. पोरं पाठीमागं चिडायची. पण ते दोन फटकारे पडले की चित्रातल्या माणसाच्या अंगात रक्त चढायचं, हेही त्यांना दिसायचं. म्हणून कुणी तक्रार केली नाही.

पंचेचाळिशी आली तरी मास्तरांचं स्वतःचं नाव शहराबाहेर गेलं नव्हतं. बरोबरीच्या लोकांना पदव्या मिळाल्या, कीव्हला घरं मिळाली. मास्तरांच्या वाट्याला दरवर्षी नवी पोरं आणि तोच जग.

त्या उन्हाळ्यात चित्रशाळेचं शिबिर बेरेस्तिव्का गावी होतं. शाळेच्या खोल्यांत पेंढ्याच्या गाद्या टाकून पोरं झोपायची आणि दिवसभर गाव रंगवायची. जेवण शेजारच्या तेक्ला आजीकडे. मोठ्या पातेल्यात बोर्शचं लाल सार, त्यावर घट्ट साय, आणि चेरी फळं भरून उकडलेल्या करंज्या. आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. करंजीची कड ती बोटांनी चाचपून मुडपायची, पण एकही करंजी फुटायची नाही.

“आजी, तुमचं चित्र काढू?” पोरं विचारायची.

“माझं काय काढताय? भोपळा काढा. तो हलत नाही, बोलत नाही, आणि नंतर खाता येतो.”

एका सकाळी मास्तर पाणी मागायला तिच्या अंगणात गेले आणि फाटकातच थबकले. जर्दाळूच्या झाडाखाली दोरीवर एक सदरा वाळत होता. लांब बाह्यांचा, पायघोळ, घरच्या सुताचा. पांढऱ्या कापडावर पांढऱ्याच दोऱ्यानं भरतकाम केलेलं. आमच्या पोल्ताव्हाकडच्या बायकांच्या हातची ही खास कला. लांबून बघाल तर काहीच नाही, साधं कापड. ऊन तिरपं पडलं की बाहीवर फुलं, पानं, वेली उमटतात, नुसत्या सावलीच्या. वारा आला की विरतात आणि पुन्हा उमटतात.

मास्तरांना तहान आठवेना.

“कुणाचा हा?”

“माझा. जाण्याचा,” आजी ओट्यावर शेंगा सोलत होती. “वर्षातून एकदा उन्हात काढते, कसर लागू नये म्हणून. लग्नात घातला होता. भरायला दोन हिवाळे लागले, डोळे होते तेव्हाची गोष्ट.”

“आजी, हा घालून बसाल का माझ्यासमोर?”

आजीनं शेंगा बाजूला ठेवल्या. “कुठल्या गावचा रे तू मास्तर? ठेवणीतलं कापड जिवंतपणी परत अंगाला लावत नाहीत, एवढं माहीत नाही तुला? शहरात जाऊन अगदीच धुऊन निघालास की काय?”

मास्तरांना माहीत होतं. चांगलंच माहीत होतं.

“हे बघ,” आजीचा आवाज खाली आला, “माझा नवरा, ओमेल्को, युद्धावर गेला तो आलाच नाही, तेव्हा मी पोर होते. तिकडं गेल्यावर तो मला ओळखणार कसा? तोंडावरून? तोंड कुठं राहिलंय आता! या सदऱ्यावरूनच ओळखील. मंडपात सगळा वेळ बाहीकडेच बघत होता मेला, माझ्याकडे बघायची लाज वाटत होती म्हणून.”

इथं मास्तरांनी पाणी पिऊन निघून जायला हवं होतं. पण डोळ्यांसमोर ती बाही होती, आणि त्याहून पुढं प्रदर्शनाची भिंत होती, तिच्यावर मधोमध मोकळी जागा होती. तोंडातून शब्द आले ते कुठून आले हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

“माझ्या आईनं घातला होता. स्वतःचा. ठेवणीतला. माझ्यासाठी बसली होती ती.”

“आईनं?”

“हो. आपणहून. म्हणाली, पोराच्या कामी येत असेल तर त्यात पाप कसलं. आणि सुखानं गेली, आजी.”

आजी ओट्यावरून उठली. तिनं सदऱ्याची किनार बोटांनी चाचपली. “आईनं केलं म्हणतोस,” ती म्हणाली. “आई ती आई. बरं बाबा. पण जपून.”

खिडकीजवळच्या बाकावर आजी बसायची आणि भोवती मास्तर आणि पोरं ईझल लावायची. मास्तरांचा हात असा कधी चालला नव्हता. भिंत पांढरी, सदरा पांढरा, त्यावरचं भरतकाम पांढरं, आणि तरीही कुठलाच पांढरा दुसऱ्यात मिसळत नव्हता. आजी मात्र अवघडून बसायची. बोर्श ढवळायला हात शिवशिवायचे तिचे.

“आजी, हसा की थोडं,” एक पोरगा म्हणायचा.

“आपल्याच मयताला हसू होय रे?” असं म्हणून आजीच हसायची.

पोरांत वासिलिना नावाची एक मुलगी होती. मेहनती, पण पांढरा रंग तिच्या हातात चिखल व्हायचा. त्या दिवशी बाहीवरची सावली तिनं तिसऱ्यांदा खरवडून काढली.

“काय चाललंय? बाही रंगवतेस की पोतं?” मास्तर तिच्यामागं येऊन उभे राहिले. ब्रश हातातून घेतलाच. “निळा दिसतो म्हणून निळा ओततेस. खिडकीबाहेर जर्दाळूचं झाड आहे, त्याचा हिरवा कुठाय? आणि हातातली ऊब कुठाय?” सुरी फिरली. रंग घोटला गेला. पोरं जवळ सरकली, आता काय होणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तरही रंगात आले होते. ब्रश उचलून ते पुढं गेले, आणि जशी हजार वेळा जगावर ठेवली असेल तशी, मनगटाच्या जरा वर, तेक्लाच्या डाव्या बाहीवर रंगाची एक टिकली ठेवली.

मागं सरून म्हणाले, “शोधा.”

कुणालाच सापडली नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या संपायच्या आत मास्तरांचा हात सवयीनं फडक्याकडे गेला आणि तिथंच थांबला. जग पुसता येतो. कापड पुसलं तर तेल आणखी आत जातं. त्यांनी वर बघितलं तर वासिलिना त्यांच्याकडेच बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू अर्धंच उरलं होतं.

“काय झालं रे? टाळ्या कसल्या?” आजीनं विचारलं.

“काही नाही, आजी,” मास्तर म्हणाले. “हलू नका. ऊन जातंय.”

त्यांनी फडकं खाली ठेवलं. वासिलिनानं मान कॅनव्हासकडे वळवली. संध्याकाळी आजीनं सदरा काढला, घडी केली, रुमालात बांधला आणि पेटीच्या तळाशी ठेवला. मास्तर दारात उभे होते. एक वाक्य बोलायचं होतं. “आजी, थांबा” इतकंच. पण आजी म्हणाली, “झालं एकदाचं. सांभाळलंस हो मास्तर, तुझी आई भाग्यवान,” आणि ते वाक्य न बोलताच मास्तर पायऱ्या उतरले.

चित्र मोठ्या प्रदर्शनात लागलं. मधोमध. वर्तमानपत्रांनी लिहिलं की पांढरा रंग असा आजवर कुणी हाताळला नाही. संग्रहालयानं ते ठेवून घेतलं. मास्तरांना मानाची पदवी मिळाली आणि चित्रशाळेचा रंगविभाग त्यांच्या हाती आला. लोक अभिनंदन करायला येत, आणि चित्रासमोर उभे राहून हमखास त्या डाव्या बाहीकडे बोट दाखवत. मास्तर तेव्हा खिडकीबाहेर बघत.

ठिपका दिसत नव्हता, हे खरं. पण मास्तर रंगांचे जाणकार होते, आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना एक धडा ते दरवर्षी देत: “जवसाच्या तेलात घोटलेला पांढरा उजेडात राहिला तर पांढरा राहतो. अंधारात ठेवलात तर पिवळा पडतो. म्हणून चित्रं भिंतीकडे तोंड करून ठेवू नका.” हे वाक्य अभ्यासक्रमात होतं, टाळता येत नव्हतं. दर शरद ऋतूत ते फळ्यासमोर उभे राहून हे सांगत. पोरं वहीत उतरवून घेत, आणि मास्तरांच्या डोळ्यांसमोर एक पेटी यायची, तिचा तळ यायचा. पुढं पुढं ते हा धडा घाईघाईनं, खाली बघून सांगायला लागले. पोरांना वाटायचं, म्हातारा कंटाळलाय.

जगावर ठिपका ठेवायची करामत त्यांनी बंद केली. कुणी हट्ट धरला तर म्हणत, “सर्कशीत जा.” आणि शिबिरासाठी बेरेस्तिव्काचं नाव निघालं की ते पाणी वाईट असल्याचं सांगत, डास असल्याचं सांगत. नदी असलेलं दुसरं गाव सुचवत.

देश बदलला, झेंडा बदलला, दुकानं रिकामी झाली आणि पुन्हा भरली. वासिलिना शिकून परत आली आणि त्याच शाळेत शिकवू लागली. आता पोरं तिलाही बापाचं नाव जोडून, मानानं वासिलिना पेत्रिव्ना म्हणत. शिक्षकांच्या खोलीत रोज समोरासमोर बसून चहा होई. त्या दिवसाबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. मास्तरांना तिचं हे न बोलणं कधी उपकार वाटे, कधी शिक्षा.

मास्तरांच्या निवृत्तीच्या वर्षी शिबिराची आखणी चालली होती. वासिलिना म्हणाली, “यंदा मी पोरांना बेरेस्तिव्काला नेतेय. याल?”

“डास फार आहेत तिथं.”

“डास सगळीकडे आहेत, नेस्तोर दानिलोविच. तेक्ला आजी मात्र एकाच ठिकाणी आहे.” तिनं चहाचा पेला खाली ठेवला. “डोळ्यांचं ऑपरेशन झालं तिचं, पोल्ताव्हाला. आता दिसतं तिला. सुईत दोरा ओवते म्हणे.”

मास्तर पेल्यातला चहा ढवळत राहिले. 

शिबिर सुरू झालं त्या आठवड्यात ते बसनं एकटेच बेरेस्तिव्काला गेले. रंगांची पेटी नेली नाही. फाटक तेच होतं, जर्दाळूचं झाड म्हातारं झालं होतं. आजी वाफ्यात कांदे उपटत होती. वाकून अगदी लहान झाली होती, पण नजर मात्र टोकदार.

“कोण ते? मास्तर? अरे देवा! मी म्हटलं मेला की काय हा. म्हातारा झालास की रे! मला वाटायचं तू देखणा आहेस. मोतीबिंदूनं किती फसवलं बघ.”

मास्तर हसले नाहीत. टोपी काढून हातात घेतली. “आजी, तुमच्या त्या सदऱ्याबद्दल बोलायचंय.”

आजीच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. हातातले कांदे तिनं जमिनीवर ठेवले आणि आत गेली. रुमाल घेऊन बाहेर आली, ओट्यावर बसून गाठ सोडली. डाव्या बाहीवर, वेलीच्या मधोमध, घेवड्याच्या दाण्याएवढा पिवळा डाग होता, कडेनं तपकिरी झालेला. भोवती तेल पसरल्याचं एक फिकट कडं. वेलीची दोन पानं त्यात बुडाली होती.

“तुला कसं कळलं?” ती म्हणाली. “मी कुणाला दाखवला नाही हा. डोळ्यांनी दिसायला लागलं आणि पहिल्याच उन्हाळ्यात हे दिसलं. माझाच हात, दुसरं काय. आंधळी झाले होते, बोर्शचे हात तसेच लागले असतील घडी घालताना. राखेनं धुतला, ताकात भिजवला, दवात पसरला. जात नाही. एका सदऱ्याला जपता आलं नाही मला. दोन उन्हाळे झाले, या हाताला शिव्या देते मी.” तिनं डाव्या हातावर खरोखरच एक चापट मारली.

मास्तरांनी ती चापट बघितली. आपल्याला मारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

“तुमचा हात नव्हता, आजी. माझा होता. रंग आहे तो. मी लावला. मुलांना दाखवायला.”

“रंग?”

“सावलीचा. बरोबर जुळतो का ते बघायला. जुळला, म्हणून दिसला नाही. टाळ्या वाजल्या ना, त्या त्याच्यासाठी.”

आजीला उलगडायला वेळ लागला. ती बाहीकडे बघत होती, मग मास्तरांकडे, मग परत बाहीकडे.

“तुला तेव्हाच माहीत होतं.”

“हो.”

“घडी घालताना तू दारात होतास.”

“हो.”

“आणि मी तुझ्या आईला भाग्यवान म्हटलं.”

 आजी ओरडली नाही, रडली नाही. ती उठली, सदरा हातावर घेतला. “चल,” ती म्हणाली.

“कुठं?”

“बाकावर. गाप्का बसलीय तिथं. मी गेल्यावर मला कपडे घालणार ती आणि तिच्या सुना. गाठोडं आधी दाखवायची रीत आहे, दोन वर्षं मागतेय ती, आणि मी दाखवत नाही. तिला वाटतं माझा तिच्यावर भरवसा नाही. बोलणं टाकलंय तिनं माझ्याशी. मी काय सांगणार होते? तेक्लानं डागाचा सदरा ठेवलाय म्हणून? चल, तूच सांग.”

“आजी, मी नवीन करून देतो. रेशेतिलिव्का गावात अजून बायका असं पांढरं भरतकाम करतात…”

“ओमेल्को नवीन ओळखतो का?” एवढं म्हणून ती फाटकाबाहेर पडलीसुद्धा.

रस्त्याच्या कडेला कुंपणाला टेकून बाक होता. गाप्का, आजीच्याच वयाची, धिप्पाड, मांडीवर सूर्यफुलाच्या बियांची पिशवी. शेजारी दोन सुना. पलीकडे रस्त्यावर वासिलिनाची पोरं ईझल लावून कुंपण रंगवत होती. मास्तरांना बघून एकानं ब्रश खाली केला आणि बाकीच्यांना ढोसलं. संग्रहालयातल्या चित्राचे हेच ते कोझुब. पोरं टोप्या काढून जवळ आली. वासिलिना मागं उभी राहिली.

“गाप्का, हा काय म्हणतो ते ऐक,” तेक्लानं सदरा तिच्या मांडीवर ठेवला.

मास्तरांनी एकदा पोरांकडे बघितलं. त्यांना “जा, काम करा” म्हणणं सोपं होतं. म्हणाले नाहीत. झालं ते सगळं सांगितलं. वर्गात बोलायचा आवाज नव्हता तो. तो नीट ऐकू यावा म्हणून पोरांतले एक-दोन जण पुढं सरकले, आणि ऐकून परत मागं सरले.

गाप्कानं बी चावून टरफल थुंकलं. “म्हणजे भिंत रंगवून बघतात तशी बाई रंगवून बघितलीस?”

“हो.”

“शिकलेला ना रे तू?” मग ती तेक्लाकडे वळली. “पण तुला तरी काय झालं होतं? ठेवणीतला अंगात घालायला?”

“याच्या आईनं घातला होता ना. सांगितलं होतं मी तुला.”

“तेच तर!” गाप्काचा आवाज चढला. “तेच ऐकून मी माझा घातला! सभागृहात गाण्याच्या मंडळात, जिल्ह्याच्या पाहुण्यांपुढं. म्हटलं, मास्तराच्या आईनं घातला आणि तिचं काही वाईट झालं नाही, तर आपलं काय होतंय. सुनांना पण तेच सांगितलंय मी. एक बरं, निदान ती बाई सुखानं गेली. कसला होता रे तिचा? लाल भरलेला की पांढरा?”

सगळ्या त्यांच्याकडे बघत होत्या. प्रश्न सहज होता, जरा मायेचासुद्धा. एक रंग सांगितला असता की संपलं असतं. लाल. पांढरा. कुठलाही जुळला असता.

“घातला नव्हता तिनं,” मास्तर म्हणाले. “माझ्यासमोर ती कधी बसलीच नाही. मी खोटं सांगितलं.”

बिया चावायचा आवाज थांबला.

“आणि गेली तेव्हा मी नव्हतो. माझं चित्र लागलं होतं. तिच्या अंगावर काय घातलं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही कधी.”

धाकट्या सुनेनं तोंडावर पदर धरावा तशी रुमालाची कड ओठांवर धरली. पोरांपैकी कुणीतरी ईझलला धडकलं. वासिलिना जमिनीकडे बघत होती. तिला सदऱ्यावरच्या ठिपक्याचं माहीत होतं, पण आईबद्दलचं हे खोटं तिलाही माहीत नव्हतं.

गाप्का बोलली ती मास्तरांशी नाही, तेक्लाशी. “माझ्यावर भरवसा नाही असं नव्हतं म्हणजे तुझं.”

“नव्हतं गं.”

“मग बस की. उभी काय राहिलीस.” ती सरकली. तेक्ला तिच्या शेजारी बसली. दोघी सदऱ्याची बाही उलटसुलट करून बघायला लागल्या. उजवा हात वर ठेवला तर डाग झाकेल का, मनगटावर रुमाल गुंडाळला तर कसं दिसेल, यावर बोलणं सुरू झालं. सुनाही वाकल्या. मास्तरांना कुणी बस म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही.

शेवटी तेक्लानं मान वर केली. “झाकायचा नाही. राहू दे असाच. ओमेल्को विचारील, हे काय गं लावून आलीस. मी सांगीन त्याला, कुणी लावलं ते. नाव काय तुझं? पूर्ण सांग. आम्ही नुसतं मास्तरच म्हणतो.”

“नेस्तोर. दानिलोचा मुलगा. कोझुब.”

“आईचं?”

“ओरिना.”

“जा आणि विचारून ये,” तेक्ला म्हणाली. “तुझ्या गावी कुणी ना कुणी असेल. एका बाईला काय घालून पाठवलं हे बायका विसरत नाहीत.”

दुसऱ्या दिवशी मास्तर आपल्या गावी गेले. कितीतरी वर्षांनी. आईला कपडे घालणाऱ्या शेजारणींची घरं त्यांना आठवत होती. एका घराला कुलूप होतं आणि अंगणात गवत. दुसऱ्या घरात शहरातून आलेली माणसं उन्हाळ्यापुरती राहत होती, त्यांनी चहा विचारला. तिसऱ्या घरातल्या मुलानं, तोही आता आजोबा झालेला, आठवायचा खूप प्रयत्न केला. “आई सांगायची काहीतरी ओरिनाकाकूबद्दल. पण मी कधी लक्ष देऊन ऐकलं नाही. तुम्ही तेव्हाच विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. तुम्ही जेवायला होता ना आमच्याकडे त्या दिवशी?”

“होतो,” मास्तर म्हणाले.

ते बेरेस्तिव्काला परत आले. येणं भाग नव्हतं, तरी आले. तेक्ला अंगणात कांद्यांच्या वेण्या बांधत होती. त्यांनी सांगितलं, कुणी उरलं नाही. ज्यांना माहीत होतं त्या सगळ्या गेल्या.

तिनं वेणीची गाठ आवळली, दोरा दातांनी तोडला.

“बरं,” ती म्हणाली. “मग तिकडं गेल्यावर मीच विचारीन तिला. पण तुला सांगायला काही परत यायची नाही मी.”